दार कोणी उघडलं

१

चारशे बारा नंबरच्या ओट्यावरची लाल बादली मी नुसती बाजूला सरकवायला गेले, तर ती हातात चुरली. तडकली नाही, चुरली. पापडासारखी. कडेचा एक तुकडा बोटांत राहिला आणि बाकीची खाली पसरली. वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या प्लास्टिकचं असं होतं, हे मला माहीत आहे. लातूरला आमच्या गच्चीवर असा एक टब आहे.

पण ही बादली मी नऊ दिवसांपूर्वी पाहिली होती. तेव्हा ती नळाखाली भरून वाहत होती. दार अर्धं उघडं होतं. आत कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकून गल्लीच्या पलीकडच्या बाजूला गेले होते. गुलाबी ओढणीची एक बाई नळ बंद करायला बाहेर आली. माझ्याच वयाची असेल. तिच्या कानात मोठ्या गोल बाळ्या होत्या आणि प्रत्येक बाळीत एक छोटी चांदणी लोंबत होती. मला त्या आवडल्या, म्हणून लक्षात राहिल्या.

आता नळाला तोटी नव्हती. दाराला कुलूप होतं. गंजून कुलूप आणि कडी अशी एकजीव झाली होती, की किल्ली कुठून घालायची तेही कळत नव्हतं.

समोरच्या ओट्यावर एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. सरजाबाई. नाव तिनंच नंतर सांगितलं.

"मावशी, ह्या घरातले कुठं गेले?"

"कोन्या घरातले?"

"हे. चारशे बारा."

"आगं, ते बंदच हाय की."

"कधीपासून?"

"लई वर्षं झाली." सूप थांबलं नाही. "लाइटबिलवाली हाईस का?"

"नाही. नकाशावाली."

"नकाशात मानूस दिसतंय का?"

"नाही दिसत."

"मग मान्सं कशाला इचारायलीस?" ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली आणि फोलकटं माझ्या दिशेनं उडवली.

२

आमचं काम सांगायला सोपं आहे. नगरपंचायतीची मालमत्ता कराची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. त्यात घराचा नंबर असतो, मालकाचं नाव असतं, खोल्या किती, भिंती कशाच्या हे असतं. पण घर जमिनीवर नेमकं कुठं आहे ते नसतं. उलट उपग्रहाच्या चित्रात सगळी छपरं दिसतात, पण कुठलं छप्पर कुणाचं ते कळत नाही. या दोघांची गाठ घालायची. गल्लीत चालायचं, चौकटीवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेला नंबर वाचायचा आणि मोबाइलमधल्या नकाशावर त्या छपराला तो नंबर द्यायचा. हा नकाशा कुणाच्या मालकीचा नाही, कुणीही वापरावा. उद्या कुणाच्या छातीत कळ आली, तर अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला "मारुतीच्या पाठीमागं, लिंबापाशी, तिथून कुणालाही विचारा" असं सांगावं लागू नये, एवढीच अपेक्षा.

आम्ही सात जण. सगळे लातूरचे, सगळे बिनपगारी. आनंदराज सर कॉलेजात भूगोल शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे काढलं. पहिलं गाव रेणापूर. लातूरहून एसटीनं अर्धा तास.

यादीत एक रकाना आहे, भोगवटादार. म्हणजे मालक कुणीही असो, प्रत्यक्षात राहतं कोण. त्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक घरापुढं एकच शब्द लिहिलेला असतो: स्वतः. मला तो रकाना वाचत खाली खाली जायला फार आवडायचं. स्वतः, स्वतः, स्वतः. कुणीतरी आहे. कुणीतरी आहे.

दारापाशी गेलं की मोबाइलवर दोनच बटणं. 'राहतं' आणि 'बंद'. 'राहतं' दाबलं की पुढचा प्रश्न येतो: दार कोणी उघडलं? तिथं नाव लिहावंच लागतं, नाहीतर नोंद पुढं सरकत नाही. 'बंद' दाबलं की काही विचारत नाहीत. लांबून एक फोटो, झालं. म्हणून सरांचा सक्त नियम होता की तीनदा कडी वाजवायची, तीनदा हाक मारायची, आणि मगच 'बंद'.

आता खरं सांगते. मी कडी वाजवत नाही.

बहुतेक घरांची दारं उघडीच असतात, बायका ओट्यावर असतात, बोलणं आपोआप होतं. पण जिथं आत जाऊन हाक मारावी लागते, तिथं माझ्याच्यानं हाक मारवत नाही. आत कुत्रं असेल, कुणी झोपलं असेल, भांडण चालू असेल, कुणी अंगावर ओरडेल. हे हसण्यासारखं आहे, मला कळतं. एमए झालेली मुलगी. पण पहिल्या फेरीत अशा नऊ दारांसमोर मी उभी राहिले, आत माणसं आहेत हे मला ऐकू येत होतं, आणि मी 'बंद' दाबलं.

सरांनी आकडा पाहिला. "एका गल्लीत नऊ घरं बंद? रेणापूर उठून पुण्याला गेलं काय, प्रियदर्शनी? जा, परत बघून ये."

म्हणून मी परत गेले होते.

३

घर चुकलं असेल. माझा पहिला विचार तोच. गल्लीतले ओटे सगळे सारखेच, बादल्याही सगळ्यांच्या लालच. मी लिंबाखाली उभी राहून मोबाइलमध्ये नऊ दिवसांपूर्वीचा फोटो उघडला. त्यात दार अर्धं उघडं होतं. चौकटीवर ४१२. बादली ओली, चकचकीत. मोठं करून पाहिलं तर दाराच्या फटीत गुलाबी ओढणी आणि कानातली चांदणी.

मग चौकटीकडे पाहिलं. ४१२. रंग उडालेला, पण आकडा तोच.

भीती वाटली म्हणाल, तर तेव्हा नाही वाटली. कुतूहल वाटलं. एखादं गणित जुळत नाही, पण चूक कुठं आहे तेही सापडत नाही, तसं. मी पुढच्या घराकडे चालत गेले. मुद्दाम हळू.

चारशे एकोणीस. पहिल्या फेरीत इथं एक पोरगी मोठ्यानं तेराचा पाढा म्हणत होती आणि तेरा साते शहाण्णव म्हणाली म्हणून कुणीतरी तिला फटका दिला होता. मी तो फटका ऐकूनच पुढं गेले होते. आता दाराच्या डाव्या अंगाला, भिंत फोडून पिंपळ आला होता. नुसतं रोप नाही. माझ्या मनगटाएवढं खोड. त्यानं चौकट तिरकी केली होती आणि दार त्या तिरकेपणात रुतून बसलं होतं.

शेजारच्या दुकानात एक माणूस गोळ्यांच्या बरण्या पुसत होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, "पिंपळ तोडत न्हाईत, ताई. ऱ्हाऊ द्या. तसंबी कोन ऱ्हातंय तिथं."

"इथं एक लहान मुलगी होती ना?"

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. आठवायचा अगदी मनापासून प्रयत्न केला त्यानं. म्हणूनच मला जास्त विचित्र वाटलं. "न्हाई बा," तो म्हणाला. "आमी दुकान टाकलं तवापासून तरी बंदच हाय."

मी निघाले. दहा पावलं गेले असेन, तोच मागं त्या घरात कुकरची शिट्टी झाली.

मी वळले. दुकानदार बरण्या पुसत होता. पुन्हा शिट्टी झाली. तिसरी. तीन शिट्ट्यांनंतर कुणीतरी गॅस बंद केला असावा. वाफ फुसफुसत निवत गेल्याचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला. डाळीचा वाससुद्धा आला. शेजारच्या घरातला असेल, मी स्वतःला सांगितलं. पण त्या घराच्या एका बाजूला दुकान होतं, आणि दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट.

४

आम्ही सगळे जिथं जमायचो त्या अभ्यासिकेत सर आणि दयानंद बसले होते. दयानंद आमच्यातला सगळ्यात जलद. एका दिवसात ऐंशी घरं करतो आणि ते सगळ्यांना ऐकवतो.

"सर, ती नऊ घरं मला बदलायची आहेत," मी म्हणाले. "'राहतं' करायची आहेत."

"कर की. दार कोणी उघडलं?"

"उघडलं नाही कुणी. पण आत माणसं आहेत."

"कशावरून?"

"कुकर वाजला."

दयानंद खो खो हसला. "सर, भोगवटादार म्हणून कुकरचं नाव टाकू का? मालकाच्या रकान्यात हॉकिन्स."

"तू गप्प बैस," सर म्हणाले, पण तेही हसत होते. मी त्यांना बादलीचे दोन्ही फोटो दाखवले. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिले. "पहिला फोटो दुसऱ्या कुठल्या घराचा असेल गं. नंबर पुसट होते म्हणून कुणी परत रंगवले असतील, अदलाबदल झाली असेल. होतं असं. ह्यासाठीच नियम आहे ना, बेटा. टेबलावर बसून घर बंदही करायचं नाही आणि उघडायचंही नाही. आतून कुणीतरी ओ द्यायला पाहिजे. त्याचं नाव पाहिजे. न्हाईतर आपल्यात आणि गप्पा हाकणाऱ्यात फरक काय?"

"आणि नाही मिळालं नाव तर?"

"तर बंद. शनिवारी संध्याकाळी पाचला यादी पक्की करायची. त्याच्यानंतर हात लावायचा नाही कुणी."

तो गुरुवार होता.

मी दयानंदला बाहेर गाठलं. त्याच्या वॉर्डात तीन घरं बंद होती. "ती खरंच बंद होती?"

"म्हंजे?" त्याला राग आला. "तीनदा कडी वाजवली, तीनदा बोंब मारली. एकदा तर शेजाऱ्यानं शिव्या घातल्या. का?"

"काही नाही. तुझ्या घरांतून परत कधी आवाज आला?"

"बंद घरातून आवाज कसा येईल, प्रियदर्शनी?"

म्हणजे ही फक्त माझी घरं होती. आत माणसं असताना मी बंद केलेली.

५

नवांपैकी आठ घरं परक्यांची होती. नववं अजून सांगितलं नाही.

चारशे सत्तेचाळीस. मालक प्रीतम नावाचे सीआरपीएफमधले जवान, नेमणूक आसामात. पत्र्याच्या दोन खोल्या, विटांची भिंत, निळं दार. भोगवटादार: स्वतः. पण स्वतः ते तिथं वर्षातून महिनाभर असतात. बाकीचे अकरा महिने तिथं त्यांची बायको असते. लुंबिनी. माझी सख्खी मोठी बहीण. माझी अक्का.

आठ महिने आम्ही बोललो नव्हतो. कारण सांगायलाही लाज वाटते. मला बघायला नांदेडहून पाहुणे आले होते. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले आणि त्याच वेळी कुणीतरी दार वाजवलं. माझा हात हलला, दोन कप पाहुण्यांच्या पांढऱ्या पँटवर. अक्का हसत म्हणाली, "आमच्या दर्शीचं असंच हाय. दार वाजलं की ही मोरीत लपती. लहानपनी तर वीजबिलवाल्याला भिऊन पलंगाखाली झोपली होती." ती वातावरण हलकं करायला बोलली, हे मला आता कळतं. पाहुणे खूप हसले. आठवड्यानं नकार आला. आणि मी तिला फोनवर म्हणाले, "आजपासून तुझं घर मला बंद."

तिनं बरेचदा फोन केले. मी घेतले नाहीत. मग तिनंही करणं सोडलं.

पहिल्या फेरीत मी त्या निळ्या दारासमोर पाच मिनिटं उभी होते. आत शिलाई मशीन चालू होतं. अक्का घरी ब्लाउज शिवते. पायानं मशीन चालवताना ती मध्येच थांबते, दोरा दातांनी तोडते, पुन्हा सुरू करते. ती लय मला पाठ आहे. एक हाक पुरली असती. ती बाहेर आली असती, मला शिव्या दिल्या असत्या, जेवायला वाढलं असतं.

मी 'बंद' दाबलं. आणि खरं सांगते, दाबताना बरं वाटलं.

गुरुवारी रात्री जेवण झाल्याबरोबर मी तिला फोन लावला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. वाजत राहिला, वाजून थांबला. चार वेळा. आसामला दाजींचा फोन कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर.

आई मेथी निवडत होती. "आई, अक्काचा फोन आला होता का इतक्यात?"

"आला आसंल की."

"आसंल म्हणजे? कधी?"

"झाले की बरेच दिवस." तिनं एक काडी बाजूला टाकली. "तिचं तिला काम ऱ्हातंय. शिवनकाम हाय, घर हाय. किती वर्षं झाली गं तिला बघून?"

मी तिच्याकडे पाहिलं. अक्का संक्रांतीला येऊन गेली होती. मी मुद्दाम त्या दिवशी मैत्रिणीकडे गेले होते. आईनंच तिला तिळाच्या वड्या बांधून दिल्या होत्या.

"वर्षं?" मी म्हणाले.

"काय?" आई म्हणाली.

"तू वर्षं म्हणालीस."

"मी?" ती हसली. "काहीबी. जा, पानी आन जरा."

६

शुक्रवारी मी थेट अक्काकडे जायला हवं होतं. नाही गेले. निळं दार कसं दिसतंय हे बघायचं धैर्य नव्हतं. मी स्वतःला पटवलं की आधी दुसऱ्या एखाद्या घरावर करून बघू. काय होतं ते तरी कळेल. कडी वाजवली की काय होतं.

दुपारचे दोन वाजले होते. गल्ली झोपलेली. सरजाबाईचं सूप ओट्यावर पालथं. मी चारशे बाराच्या पायऱ्या चढले. चपलेखाली बादलीचा चुरा कुरकुरला. आत कुणीतरी वावरत होतं. भांडं ठेवल्याचा आवाज, मग झाडू. अगदी रोजचे आवाज. पण ते लांबून येत होते, जणू त्या घराला यादीतल्या दोन खोल्यांपेक्षा जास्त खोल्या होत्या आणि ती बाई सगळ्यात आतल्या खोलीत होती.

कडी गंजून हलत नव्हती. मी बोटांच्या पेरांनी फळीवर वाजवलं. एकदा.

झाडू थांबला.

दुसऱ्यांदा वाजवलं. पावलं यायला लागली. अनवाणी, फरपटत. मी मोजायला लागले, कारण मोजलं की मला भीती कमी वाटते. दोन खोल्यांच्या घरात बारा पावलं फार झाली. मी एकतीस मोजली. मग ती थांबली. दाराच्या अगदी पलीकडे. श्वास ऐकू येत होता.

"कोण आहे?" असं मी विचारायला हवं होतं. किंवा "नाव काय तुमचं?" एवढंच. मोबाइल माझ्या हातात होता, रिकामा रकाना उघडा होता.

फळ्यांमध्ये बोटभर फट होती. मी वाकले.

पलीकडे कान होता. फटीला लावलेला. ती माझं ऐकत होती, मी तिचं ऐकत होते तसंच. कानावर पांढऱ्या केसांची बट होती आणि कातडी सुकलेल्या बोरासारखी. आणि पाळीत, वर्षानुवर्षांच्या ओझ्यानं लांबलेल्या भोकात, गोल बाळी. तिच्यात चांदणी.

मी पळाले. चप्पल एक तिथंच राहिली. मागून दार वाजल्याचा आवाज आला. आतून. हळू, अंतर ठेवून, तीनदा. सरांच्या नियमाप्रमाणे.

एसटीत बसल्यावर मी एका पायात चप्पल घालून रडत होते, आणि मला जे कळत होतं ते भुताबिताचं नव्हतं. तिला फक्त तिचं नाव कुणीतरी विचारायला हवं होतं, आणि मी ते या दुसऱ्या वेळीही विचारलं नव्हतं.

७

शनिवारी चार वाजता मी रेणापूरला उतरले. निळं दार लांबून दिसलं तेव्हा वाटलं, काही झालेलं नाही. जवळ गेले तर तो निळा रंग नव्हता, निळ्याची आठवण होती. फळ्या राखाडी, भेगाळलेल्या. चौकटीवरचे आकडे बोटानं चाचपून वाचावे लागले. चार, चार, सात. कुलूप.

पलीकडच्या घरातली बाई धुणं काढायला आली. तिला मी ओळखत होते. अक्काच्या लग्नात तिनं मला नाचायला ओढलं होतं. उज्वलाताई.

"उज्वलाताई, मी दर्शी. लुंबिनीची बहीण."

"कोन्या लुंबिनीची?" ती प्रेमानंच म्हणाली. मग दाराकडे पाहून तिच्या कपाळावर आठी पडली, खूप जुनं काही आठवावं तशी. "हितं होती एक बाई शिवनकाम करनारी. आमी नव्यानं आलो होतो तवा. चांगली होती बिचारी." आणि धुणं खांद्यावर टाकून आत गेली.

होती.

मी दाराशी उभी राहिले. चार वाजून वीस मिनिटं. आत मशीन चालू होतं. थांबलं. दोरा तोडण्याएवढा वेळ. पुन्हा सुरू झालं. लय तीच होती, पण किती सावकाश. पायडलच्या एका फेरीला एक श्वास लागत होता.

मी कडी वाजवली. म्हणजे कुलपासकट जे काही होतं ते धरून दारावर आपटलं. पहिल्यांदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा इतक्या जोरात, की उज्वलाताईंचं कोंबडं उडालं. मग हाक मारली.

"अक्का!"

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. गल्लीतली दोन दारं उघडली, लोक बघायला लागले. बघू देत.

"अक्का, मी दर्शी! अक्का, दार उघड. न्हाईतर नुसती ओ दे!"

मशीन चालूच. तिला ऐकू जात नव्हतं. किंवा ती इतक्या आत होती, की आवाज तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. फटीला डोळा लावला. फटीत अंधार होता, आणि त्या अंधारात खूप दूर, जिथं परसातली भिंत असायला हवी त्याच्याही पलीकडे, मशीनवरचा छोटा पिवळा दिवा. त्याच्यावर वाकलेलं डोकं पांढरं होतं की दिव्याचा उजेड पडला होता, हे मला ठरवता आलं नाही.

चार पस्तीस. सरांचा मेसेज आला: 'पाचला यादी पक्की करतोय. कुणाचं राहिलं आहे का?' मी लिहिलं, 'थांबा.' सरांनी नमस्काराचे हात पाठवले. त्याच्याखाली दयानंदनं कुकरचं चित्र टाकलं.

मी फोन लावला. आत, त्या दूरच्या दिव्यापाशी, अक्काचा मोबाइल वाजायला लागला. तीच रिंग. म्हणजे नंबर पोचत होता. हाक पोचत नव्हती, पण फोन पोचत होता. वाजला, थांबला. मशीन चालू. पुन्हा लावला. पुन्हा. मी वाजवणंही थांबवलं नाही. उजव्या हातानं दार आणि डाव्या हातात फोन. पेरं सोलली होती. आता मला भीती वाटत होती का? वाटत होती. पण ती दाराच्या या बाजूची नव्हती. अक्का गेली तर काय, एवढीच होती.

"अक्का, मी चुकले. मला राग होता म्हणून केलं. तू आत होतीस, मला माहीत होतं. अक्का, माहीत होतं मला!"

चार बावन्न. सहाव्यांदा लावला.

मशीन थांबलं.

दोरा तोडण्याएवढा वेळ गेला. त्याहून जास्त गेला. मशीन पुन्हा सुरू झालं नाही. आत खुर्ची सरकली. मोबाइल वाजत होता आणि त्याच्या दिशेनं, न घाई करता, कुणीतरी हात लांब करत होतं. मला ते दिसत नव्हतं, पण बांगडी टेबलावर घासल्याचं ऐकू आलं.

रिंग तुटली. माझ्या पडद्यावर आकडे पळायला लागले. एक सेकंद. दोन.

"हॅलो," मी म्हणाले. "अक्का? अक्का, तुझं नाव सांग. पूर्ण नाव सांग, मला लिहायचंय."

पलीकडे श्वास होता. मग आवाज आला. अक्काचाच. वाक्याच्या शेवटी किंचित वर चढणारा, आमच्या घरात दुसऱ्या कुणाचा तसा नाही. फक्त इतका म्हातारा, की प्रत्येक शब्द वेगळा उचलून ठेवावा लागत होता.

"दर्शी का गं?" ती म्हणाली. "आई हाय का अजून?"